गिरसप्पाची चांदी आणि तिचे खलाशी



पोलादाच्या भट्ट्यांमुळे आपल्या जालन्याला लोखंडाचा भाव पाठ असतो. आज मी सांगणार आहे ती मालवाहू आगबोट कच्चं लोखंड, चहा आणि शंभर टनांहून अधिक चांदी घेऊन निघाली होती. गिरसप्पाच्या धबधब्याचं नाव तिला दिलेलं होतं. डिसेंबर १९४० मध्ये तिनं कलकत्ता सोडलं. चांदी विलायतेच्या टांकसाळीसाठी होती.

आफ्रिकेच्या फ्रीटाउन बंदरापासून ती जहाजांच्या ताफ्यात होती. आयर्लंडच्या बाजूला वादळानं गाठलं. लाटांशी झुंजताना बॉयलर कोळसा भराभर खातो. विलायतेपर्यंत तो पुरेना. कप्तानानं ताफा सोडून जवळच्या गॉलवे बंदराकडे बोट वळवली. सोबत सुटली, तसं संरक्षणही सुटलं. १९४१ च्या फेब्रुवारीत, १६-१७ च्या रात्री, जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि वीसेक मिनिटांत सगळं संपलं.

रिचर्ड एअर्स हा बोटीवरचा अधिकारी ज्या जीवरक्षक होडीत होता, तीत तीसेक माणसं होती, बहुतेक हिंदी खलाशी. फेब्रुवारीतला अटलांटिक, ओले कपडे, पिण्याचं पाणी घोटाघोटानं. तेरा दिवसांनी कॉर्नवॉलचा किनारा आला तेव्हा मोजकेच जिवंत होते, आणि तिथल्या लाटांनी होडी उलटवली. एअर्स एकटा वाचला. बोटीवरची बाकीची ऐंशीहून अधिक माणसं गेली.

२०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीला बोट सापडली, सुमारे ४,७०० मीटर खोल. कळसूबाई जवळजवळ तीनदा एकावर एक ठेवली, तर तेवढी खोली होते. पुढच्या दोन वर्षांत यंत्रमानवांनी २,७०० हून अधिक चांदीच्या विटा वर काढल्या. सोबत सातशेच्या वर पत्रं निघाली. अंधारात, प्राणवायूशी संबंध न येता दबून राहिल्यानं सत्तर वर्षांनीही ती वाचता आली! २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयानं ती मांडली. हिंदुस्थानातून घरी लिहिणाऱ्या सैनिकांचा, मिशनऱ्यांचा आवाज त्यांत आहे.

बोटीच्या भट्टीपाशी कोळसा ओढणाऱ्या खलाशांचा नाही, आणि मला ते फार लागतं. विटा एकेक करून मोजल्या गेल्या. ही माणसंही नावानिशी ठाऊक असायला हवीत. मुंबईत मस्जिद बंदराजवळ खलाशांचं वसतिगृह आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची नोंदवही तिथं आहे. तिची जोडप्रत चितगावला. मुंबईला कामानिमित्त आपण जातोच. एकदा तिकडे वळा आणि ती वही पाहायला मागा.