संप्रेरके रोखणारे उपचार आणि स्त्रीचे शरीर



स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. हे संप्रेरक शास्त्राला ज्ञात होण्यापूर्वीच, १८९६ साली, जॉर्ज बीटसन या स्कॉटिश शल्यविशारदाने अंडाशय काढल्यास काही रुग्णांचा आजार मागे हटतो असे प्रसिद्ध केले होते. आता त्यासाठी प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. गोसेरेलिनचे ३.६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली देतात. त्याने मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी आरंभी उत्तेजित होते आणि मग अंडाशयास आज्ञा देणेच थांबविते. पस्तिशीतली स्त्री महिन्याभरात रजोनिवृत्तीच्या अवस्थेत जाऊन पोहोचते. निसर्ग याच बदलासाठी काही वर्षे घेतो.

अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, घाम, निद्रानाश ही लक्षणे ती स्वतः सांगते. चयापचयातील बदल मात्र मुके असतात. इस्ट्रोजेन यकृताला रक्तातील घातक कोलेस्टेरॉल उचलण्यास साहाय्य करते. ते ओसरले की कोलेस्टेरॉल चढते. चरबी कमरेखालून पोटाकडे सरकते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, साखर व रक्तदाब वाढण्याचा संभव राहतो. घरात मात्र ‘बसून खाते म्हणून सुटली’ असा शेरा मारला जातो. तो अज्ञानाचा आहे, आणि आजारी स्त्रीवर अन्याय करणारा आहे.

सर्वांत मोठी झीज हाडांची. ऑस्ट्रियातील एका अभ्यासात गोसेरेलिनसोबत टॅमॉक्सिफेन किंवा ॲनास्ट्रोझोल तीन वर्षे घेतलेल्या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी ११.३ टक्क्यांनी घटली. उपचार संपल्यावर दोन वर्षांनीही ती पूर्ववत झाली नव्हती, ६.३ टक्क्यांची तूट उरलीच. ज्यांना दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक ॲसिड दिले गेले, त्यांची हाडे मात्र तीन वर्षे टिकून राहिली. म्हणजे ही हानी अटळ नव्हे.

मग इंजेक्शनच नको, असा विचार कोणाच्या मनात आल्यास दुसरी बाजूही पाहावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॉफ्ट’ नामक आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३५ वर्षांखालील स्त्रियांपैकी केवळ टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या सुमारे ६८ टक्के स्त्रिया पाच वर्षे स्तनाच्या कर्करोगापासून मुक्त राहिल्या. अंडाशय रोखून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत हे प्रमाण ७९ टक्के, तर एक्झेमेस्टेन घेणाऱ्यांत ८३ टक्के होते. जमाखर्च मांडायचा तर असा मांडावा. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर गाठतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

उपचाराच्या आरंभीच हाडांची डेक्सा तपासणी, कोलेस्टेरॉल, साखर आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी पाहून ठेवावी व पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुनःपुन्हा पाहावी. कॅल्शियम, नियमित चालणे आणि थोडे वजन उचलण्याचा व्यायाम यांना पर्याय नाही. ‘या वयात व्यायामशाळा कशाला?’ असे घरच्यांनी म्हणू नये. घरात लग्नकार्य असले तरी २८ दिवसांची तारीख पुढे ढकलू नये. विलंब झाला तर अंडाशय पुन्हा जागे होऊ शकतात, आणि सोबत एक्झेमेस्टेनसारखी गोळी चालू असेल तर तिचा उपयोगच उरत नाही.