अंगावर पाजताना : पहिला सव्वा महिना

घरातले पुरुष आणि शाळेतले गुरुजीही रेडिओजवळ बसले असतील. विषय बायकांचा म्हणून त्यांनी उठून जाऊ नये हं. आजच्या गोष्टीतला निम्मा वाटा त्यांचाच आहे.

केळशीतले एक घर डोळ्यांसमोर आणा. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे जांभ्या दगडाचा गडगा, रात्री समुद्राची गाज ऐकू येते. घरात बाळंतीण आहे. पहिलीच खेप, आठ दिवस झालेत. बाळाचा बाप मुंबईला नोकरीवर. सासूबाई पहाटे उठून आळिवाची खीर करतात, बाळाला न्हाऊ-माखू घालतात. सगळे कसे यथासांग चालले आहे. फक्त बाळ रडू लागले की सूनबाईच्या पोटात गोळा येतो. बाळ अंगाला लावले की कळ थेट मस्तकात जाते. ती ओठ चावून सोसते, कुणाला सांगत नाही. नवव्या दिवशी हळूच म्हणते, “आई, मला दूध पुरत नाहीसं वाटतं.” आणि दहाव्या दिवशी दापोलीहून दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली घरात येते.

हे घर मी कल्पनेनेच उभे केले आहे. पण ते तुमच्या ओळखीचे वाटले तर मला नवल वाटणार नाही. तिचे दूध आटले नव्हते. तिला दुखत होते, आणि दुखते म्हणून सांगायची लाज वाटत होती. तेव्हा आज मला एवढेच सांगायचे आहे की, या दिवसांतल्या दुखण्याला कारण असते आणि बहुतेक वेळा उपायही असतो. मात्र ते बोलून दाखवले पाहिजे.

आपण घरातल्या दिवसांच्याच हिशेबाने जाऊ या. पहिला दिवस, मग पाचवी, मग बारसे, मग सव्वा महिना. मोहल्ल्यातल्या बहिणींनी छटी आणि चाळीस दिवस असे समजावे. शरीराचा हिशेब सगळ्यांचा एकच.

पहिल्या दिवशी, शक्यतो जन्मानंतरच्या पहिल्या तासातच, बाळाला अंगावर घ्यावे. त्या वेळी जो येतो तो घट्ट, पिवळसर चीक. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी कौतुकाने वाटतो, आणि आपल्या बाळाचा चीक मात्र कुठे कुठे अजून पिळून टाकतात! बाळाला रोगांपासून जपणारे पहिले औषध तेच. तो थोडाच येतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. पाजताना ओटीपोटात कळा येतील, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्तच येतील. घाबरू नये. बाळ चोखते तेव्हा गर्भाशय आकुंचन पावते, त्या या कळा. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. थोड्या दिवसांत त्या आपोआप थांबतात.

आता पाचवी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध भरून येते. छाती जड, तापलेली, कधी कधी दगडासारखी घट्ट होते. काख ठणकते, अंगात थोडी कसरही वाटते. अशा वेळी कुणी म्हणते, जोरात चोळून गाठी मोडा. तसे मुळीच करू नका. कणीक तिंबावी तसे चोळले, तर आतली सूज वाढते. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीचे पाजणे चुकवू नये. दोन पाजण्यांच्या मध्ये थंड पाण्यात पिळलेले फडके छातीवर ठेवावे. पाजण्याआधी क्षणभर कोमट फडक्याने बरे वाटत असेल तर तेही चालेल.

छाती इतकी ताठ झाली की बाळाला धरताच येत नाही, तेव्हा एक साधी युक्ती आहे. बोटांची टोके स्तनाच्या बोंडाभोवतीच्या काळ्या भागावर ठेवून मिनिटभर हलके आत, छातीकडे दाबून धरा. सूज मागे सरते, तो भाग मऊ होतो आणि बाळाच्या तोंडात बसतो. तरीही जमले नाही, तर स्वच्छ धुतलेल्या हाताने थोडे दूध काढा. अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचे, मग दोन्ही बोटे हलके जवळ आणायची. छाती सैल होईल इतकेच काढावे. सगळे उपसून काढले, तर आणखी भरून येते.

पाचवी उलटली की चिरा पडण्याची तक्रार सुरू होते. सगळ्यांत जास्त अश्रू इथेच गळतात, म्हणून इथे थोडे सावकाश सांगते. पहिल्या दिवसांत बाळ धरते त्या क्षणी थोडी कळ येणे समजू शकते. पण पाजून होईपर्यंत दुखत राहिले, बोंड चपटे किंवा पांढरे होऊन बाहेर आले, चीर पडली, तर बाळाने नीट धरलेले नाही असे समजावे. ते नुसतेच बोंड चोखते आहे. दूध मिळते कमी, आणि आईला इजा होते जास्त.

मग धरवायचे कसे? आधी आईने पाठीला टेकू घेऊन आरामात बसावे किंवा कुशीवर निजावे. आपण बाळावर वाकू नये, बाळालाच छातीशी आणावे. त्याचे पोट आपल्या पोटाला लागलेले, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. बोंड त्याच्या वरच्या ओठाला हलके लावावे. जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ केला की चटकन जवळ घ्यावे. हनुवटी छातीला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर उलटलेला हवा आणि नुसते बोंड नव्हे, तर भोवतालचा बराच काळा भागही तोंडात हवा. गाल आत ओढले जात नाहीत आणि घोट ऐकू येतो, तर ओळखावे की जमले. दुखतच राहिले तर ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा धरवा. दोनदा, चारदा करावे लागेल. बाळालाही हे शिकायचेच असते, बरं का.

चीर पडलीच असेल, तर कमी दुखणाऱ्या बाजूने आधी पाजावे. झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडाला लावून वाऱ्यावर सुकू द्यावे. पुन:पुन्हा साबण लावू नये, ओले फडके बदलत राहावे. हळद, लेप, बाजारी मलमे सल्ल्यावाचून लावू नयेत. ती बाळाच्या पोटात जातात. चिरेतले थोडे रक्त बाळाच्या पोटात गेले तर अपाय नाही.

आता बारसे. घर पाहुण्यांनी भरते, आणि बाळंतीण दिवसभर सजून बसते. चारचौघींत पाजायचे कसे म्हणून दोन वेळा टळतात आणि संध्याकाळी छातीत एका बाजूला गाठ लागते. सासूबाई, त्या दिवशी सुनेला तासा-दोन तासांनी आतल्या खोलीत पाठवणे हे तुमचे काम बरं का.

गाठ दुखू लागली, तिथे कातडी लाल आणि गरम झाली, हुडहुडी भरून ताप आला, तर तो स्तनदाह. गाईम्हशींची दगडी तुम्ही पाहिलेली आहे. त्याच जातीचे हे दुखणे समजा. पाजणे थांबवू नये. ते दूध बाळाला बाधत नाही. उलट एकाएकी थांबवले तर दुखणे वाढते. विश्रांती आणि थंड फडके यांनी दिवसभरात उतार पडला नाही, किंवा ताप चढला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता आरोग्य केंद्रात किंवा दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. पाजत्या आईला चालणारी औषधे डॉक्टरांजवळ असतात. ती मनाने मध्येच सोडू नयेत. हयगय केली तर गळू होते.

“दूध पुरते आहे हे कळायचं कसं?” असे तुम्ही विचाराल. नुसत्या रडण्यावरून ते ठरवू नका. पाच दिवसांनंतर बाळ दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते, जन्मल्यावर घटलेले वजन दोन आठवड्यांच्या सुमारास भरून निघते, तर दूध पुरते आहे. दूध म्हणजे विहिरीचा झरा. उपसा असेल तर झरा वाहता राहतो. बाटली आली की उपसा कमी होतो, आणि मग दूध खरोखरच आटते. म्हणूनच तर डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना सरकारने 1992 च्या कायद्याने बंदी घातली. बाळ अशक्त असले, आईजवळ नसले, तर आधी आईचेच दूध काढून द्यावे. तेही मिळत नसेल तेव्हा उपयोगी पडावी म्हणून मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये आईच्या दुधाची पेढी निघाली. आईच्या दुधाचे मोल यावरून ओळखा. पहिले सहा महिने बाळाला दुसरे काही नको. मध नको, गुळाचे पाणी नको, गुटी नको. वैशाखाच्या उकाड्यातही वेगळे पाणी नको. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे द्यावे.

आईचे मात्र पाणी तोडू नका. तिला तहान लागेल तेवढे पिऊ द्या. पेज, भात, डाळ, भाजी, मासे, सगळे पोटभर खाऊ द्या. शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत नको.

सव्वा महिना होईपर्यंत आपल्या दारात कुणीतरी येतच असते, याची आठवण ठेवा. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. पाहा, तिसरा दिवस दूध दाटण्याचा, सातवा चिरांचा, चौदावा बारशाच्या गाठीचा! त्यांना चहा देऊन ओटीवरूनच परत पाठवू नका. आत बसवा आणि त्यांच्यासमोर बाळाला पाजा. पकड चुकत असेल तर त्या दाखवून देतील.

बाळ पिईनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर मात्र वाट पाहू नका. 108 ला फोन करा. आणि आईचे मन दोन आठवड्यांनंतरही उदास राहिले, तिला बाळाकडे पाहावेसेही वाटेना, तर तिला रागावू नका. तेही दुखणेच आहे. 14416 या क्रमांकावर मनाच्या दुखण्याचा सल्ला फुकट मिळतो.

मुंबईच्या बापाने फोनवर “बाळ कसं आहे?” याच्या आधी “तुला दुखतंय का?” असे विचारावे. गुरुजींनी आणि बाईंनी पालकांच्या सभेत हा विषय न लाजता काढावा. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे.

आता पुन्हा त्या केळशीच्या घरात जाऊ. आठव्या दिवशीच सूनबाई म्हणते, “आई, फार दुखतं हो.” सासूबाई हातातली पळी खाली ठेवतात, तिच्या पाठीशी लोड सरकवतात आणि म्हणतात, “बघू, बाळ कसं धरतंय ते.” दुसऱ्या वेळी ते नीट धरते. सूनबाईचा चेहरा सैल होतो. दापोलीला कुणाला धाडावे लागत नाही.

एवढे तुमच्या घरी घडावे, इतकीच इच्छा.