कंद भाजण्याची कला

कार्तिकी एकादशी जवळ आली कीं भाजीबाजाराचें रूप पालटूं लागतें. पावसाळ्यांतील पडवळ, दोडके, काकड्या मागें सरतात आणि त्यांच्या जागीं मातीनें माखलेलीं रताळीं, जांभळ्या गराचें कोनफळ, ओबडधोबड सुरण, तांबड्या भोपळ्याच्या मोठमोठ्या फांकी आणि गाजरें यांच्या टोपल्या येऊन बसतात. शरद ऋतूचें हें देणें बहुतांशीं जमिनीच्या पोटांतलें असतें. पावसाळ्याच्या महिन्यांत पानांनीं उन्हाच्या साह्यानें जें अन्न तयार केलें, तें वनस्पतीनें पुढच्या हंगामासाठीं आपल्या मुळांत व कंदांत सांठवून ठेवलेलें असतें, आणि मनुष्य त्या सांठ्याचा वांटेकरी होतो. गृहिणी ही शिदोरी पिशवींत घालून घरीं आणते. परंतु घरीं आल्यावर या सगळ्या वस्तूंची वाट बहुधा एकच असते : धुणें, चिरणें आणि कुकरांत घालून शिट्या मोजणें. रताळें उकडलें जातें, भोपळा शिजून मऊ पडतो, सुरणाची रसभाजी होते. पोट भरतें यांत शंका नाहीं. पण या कंदांच्या अंगीं जी एक निराळी चव आहे, तिची ओळख शहरांतील नव्या पिढीला क्वचितच होते. ती चव पाण्यांत शिजवून मिळत नाहीं. ती भाजल्यानेंच मिळते.

भाजणें हा पाकक्रियेचा सर्वांत जुना प्रकार होय. भांडें घडविण्याच्या पुष्कळ आधीं मनुष्याला विस्तव ठाऊक होता, आणि विस्तव असला म्हणजे कंद भाजावयास दुसरें कांहीं लागत नाहीं. महाराष्ट्रांतील घराघरांतून ही कला चुलीच्या आश्रयानें फार काळ टिकून राहिली. रात्रीचा स्वयंपाक आटोपला, लाकडें मागें ओढलीं, म्हणजे उरलेल्या फुफाट्यांत चार रताळीं पुरून ठेवावयाचीं आणि मुलांनीं चुलीपुढें उकिडवें बसून त्यांची वाट पाहावयाची, हा प्रकार आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांच्या आठवणींत असेल. राख झटकून, करपलेली साल सोलून, बोटें पोळत पोळत खाल्लेल्या त्या रताळ्याला चिमूटभर मिठापलीकडे कसलीही जोड लागत नसे.

चूल गेली याचें दुःख करण्याचें मात्र कारण नाहीं. धुरानें किती पिढ्यांतील स्त्रियांचे डोळे चुरचुरले आणि छातीचे विकार जडले, हें विसरून चुलीचें गुणगान करणें हा त्या माउल्यांवर अन्याय होईल. घरांतील धूर हें श्वसनाच्या दुखण्यांचें एक मोठें कारण आहे, हें वैद्यकशास्त्रानें दाखवून दिलें आहे. गरीब कुटुंबांना गॅसची जोडणी मिळावी म्हणून २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्या मागेंही हा विचार होता. प्रश्न एवढाच आहे कीं, धुराबरोबर भाजण्याची कलाही घराबाहेर जावी काय ? आज शहरांतील स्वयंपाकघरांत ती उरली आहे ती पापडापुरती आणि चंपाषष्ठीच्या वांग्याच्या भरतापुरती. ती वाढवावयाची असेल तर भाजण्यानें कंदांत नेमकें काय घडतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. भांड्यांत पाणी आहे तोंवर त्यांत बुडालेला कंद त्याहून अधिक तापूं शकत नाहीं. प्रेशर कुकरांत वाफेच्या दाबामुळें हा आंकडा १२० अंशांच्या आसपास चढतो, परंतु तेथेंही ओल कायम असते. कोरड्या आंचेवर गोष्ट निराळी होते. कंदाच्या पृष्ठभागावरील पाणी उडून जातें आणि त्यानंतर तो भाग १४० अंशांच्या वर तापतो. तेथें कंदांतील साखर आणि प्रथिनांचे घटक म्हणजे अमिनो आम्लें यांचा संयोग होऊन तपकिरी रंग व खमंग वास निर्माण होतो. ही क्रिया लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम मांडली, आणि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. भाकरीच्या पापुद्र्यावरील डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया, या सर्वांचा खमंगपणा मुख्यत्वें याच क्रियेंतून येतो. उकडलेल्या रताळ्याला तो येत नाहीं, कारण त्याचें अंग कधीं कोरडें पडतच नाहीं.

रताळ्याच्या बाबतींत आणखी एक चमत्कार घडतो. कच्च्या रताळ्यांत पिष्ट पुष्कळ व गोडी त्यामानानें थोडी असते. परंतु त्या पिष्टाचें साखरेंत रूपांतर करणारें एक विकर त्यांतच वसत असतें. रताळें साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान असतें तेव्हां हें विकर अतिशय जोमानें काम करतें व पिष्टापासून माल्टोज नांवाची साखर बनवितें. उष्णता त्याहून फार चढली कीं विकर नष्ट होतें आणि गोडी वाढण्याचें थांबतें. म्हणून जें रताळें सावकाश तापलें तें गोड, आणि जें एकदम तापलें तें त्यामानानें फिकें. फुफाट्यांतील रताळें मधासारखें लागे तें याच कारणानें. राखेची मंद आंच त्याच्या गाभ्यापर्यंत हळूहळू पोंचे. चुलीपुढें बसणाऱ्या आजीला विकराचें नांव ठाऊक नव्हतें, पण घाई करूं नये एवढें तिला पक्कें ठाऊक होतें.

या कंदांच्या नांवांचा इतिहासही मनोरंजक आहे. रताळें, बटाटा आणि तांबडा भोपळा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर युरोपीय दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून ते जगभर पसरले. पश्चिम किनाऱ्यावर हा व्यापार पोर्तुगीजांच्या हातीं होता, आणि मराठींतील बटाटा हा शब्द त्यांच्याच भाषेंतून आला. मौज अशी कीं, कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेंत बटाटा हें नांव रताळ्याचें होतें. प्रवासांत तें दुसऱ्याच कंदाला चिकटलें. इकडे रताळें हें नांव रक्तालु, म्हणजे तांबडा कंद, या संस्कृत शब्दाशीं नातें सांगतें. गुजराथींत आजही रताळु म्हणजे जांभळें कोनफळ, आणि आपल्या रताळ्याला ते लोक शक्करिया म्हणतात. अमेरिकेहून आलेले हे पाहुणे आपल्या घरांत इतके मिसळून गेले कीं, एकादशीच्या उपवासालाही त्यांना मज्जाव राहिला नाहीं.

मंद आंच आणि कोरडी आंच यांचा मेळ कसा घालावा, याचा उत्तम धडा रायगड जिल्ह्यांतील पोपटी देते. अलिबाग, पेण, रोहें या बाजूस थंडींत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे शेतांत पोपटी लागते. मातीच्या मडक्याला आंतून भांबुर्ड्याचा पाला लावतात. त्यांत वालाच्या शेंगा, रताळीं, बटाटे, आणि चालत असेल त्या घरीं मसाला लावलेलें कोंबडीचें मांस व अंडीं, यांचे थर रचतात. मधून मधून जाडें मीठ व ओवा पेरतात. मडक्याचें तोंड पाल्यानेंच घट्ट बंद करून तें जमिनीवर पालथें घालतात आणि भोंवतीं पेंढा व काटक्या रचून पेटवितात. पाण्याचा थेंबही घालावा लागत नाहीं. अर्ध्यापाऊण तासानें तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडून पाहतात. चर्र आवाज झाला कीं पोपटी झाली असें समजतात. सुरतेचें उंधियुं हें याच कुळांतलें. उंधुं म्हणजे पालथें, या शब्दावरूनच त्याला तें नांव पडलें. पोपटींत कंद प्रथम स्वतःच्या व पाल्याच्या ओलाव्यांत मुरतो, आणि मडकें तापत गेलें म्हणजे कडेनें खरपूस होतो. आधीं झांकलेली आंच, मग कोरडी आंच : सारें शास्त्र एवढ्या दोन पायऱ्यांत आहे.

शहरांतील स्वयंपाकघरांत या दोन्ही पायऱ्या सहज साधतात. घरांत ओव्हन असल्यास उत्तम. नसल्यास जाड बुडाचा लोखंडी तवा आणि त्यावर बसेल असें झांकण पुरे. अखंड रताळें भाजावयाचें असेल तर मध्यम आकाराचें निवडावें, सालीसकट स्वच्छ धुऊन पुसावें, आणि मंद गॅसवर झांकून, दर दहा मिनिटांनीं फिरवीत, सुमारें पाऊण तास भाजावें. सुरी आरपार अलगद गेली, सालीवर चिकट पाकाचे थेंब दिसूं लागले, कीं रताळें तयार झालें. शेतांतून नुकतेंच काढलेलें रताळें फिकें लागतें. आठ-दहा दिवस हवेशीर जागीं मुरलेलें अधिक गोड असतें. तें फ्रिजमध्यें मात्र ठेवूं नये. थंडीनें त्याचा गाभा कठीण होतो व चव बिघडते.

निरनिराळे कंद एकत्र भाजून तोंडीं लावणें करावयाचें असेल, तर चिरतांना थोडा विचार करावा. गाजर कठीण, म्हणून त्याचे तुकडे लहान. भोपळा मऊ, म्हणून त्याच्या फोडी मोठ्या. रताळें व कोनफळ यांचे मध्यम. फोडी पुसून कोरड्या कराव्या, अर्धा किलोला दोन चमचे तेल चोळावें, आणि एकावर एक न रचतां एकाच थरांत पसराव्या. गर्दी झाली कीं वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजीं उकडणें होतें. पहिलीं पंधरा मिनिटें झांकण ठेवावें, पुढील वीस-पंचवीस मिनिटें काढून टाकावें व फोडी एकदां उलटाव्या. ओव्हनची उष्णता २०० अंश ठेवावी. मीठ शेवटीं घालावें, कारण आधीं घातल्यास फोडींना पाणी सुटतें. तेल वापरण्यास भिऊं नये. गाजर व भोपळा यांतील केरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, तें स्निग्ध पदार्थासह अधिक चांगलें शोषलें जातें.

सुरणाला वेगळी वागणूक हवी. त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, तेच घशाला व हाताला खाज आणतात. म्हणून चिरतांना हाताला तेल लावावें, आणि फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यांत अर्धवट उकडून, निथळून मगच भाजाव्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगणें अवश्य आहे. पिष्टमय पदार्थ फार तापवून काळे केले तर त्यांत ॲक्रिलामाइड हें अपायकारक द्रव्य वाढतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं जाहीर केलें. तेव्हां फोडी सोनेरी असाव्या, कोळसा नव्हे. करपलेला भाग काढून टाकावा. दुसरी गोष्ट मधुमेही माणसांची. भाजलेल्या रताळ्यानें रक्तांतील साखर उकडलेल्यापेक्षां अधिक वेगानें वाढते; जी क्रिया गोडी आणते तीच येथें आड येते. अशांनीं त्याचें प्रमाण वैद्यांच्या सल्ल्यानें ठरवावें.

मराठी पानांत या पदार्थाची जागा आधींच ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात, त्या पंक्तींत भाजलेल्या कंदांच्या चार फोडी शोभून दिसतात. भाजलेल्या जिऱ्याची पूड, बारीक चिरलेली हिरवी मिरची, दाण्याचें कूट आणि लिंबू एवढें वर घातलें कीं वरणभाताबरोबर किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर त्यांची गोडी खुलते. तांबड्या भोपळ्याची फांक सालीसकट भाजून, गर खरवडून, त्यांत दहीं कालवावें व वर मोहरी, हिंग आणि मिरची यांची फोडणी द्यावी. उकडलेल्या भोपळ्याचें भरीत पाणचट होण्याचा जो धोका असतो, तो येथें राहत नाहीं.

या कलेला खर्च नाहीं, तिला वेळ मात्र लागतो. आणि शहरांतील कुटुंबाला आज वेळेचीच चणचण आहे. तरी सुटीच्या एखाद्या संध्याकाळीं हा पाऊण तास काढण्यासारखा आहे. चुलीपुढें बसून रताळें भाजलेलीं माणसें अजून पुष्कळ घरांत आहेत. आंच कितपत ठेवावी, वास बदलला म्हणजे काय समजावें, चिमट्यानें दाबून कंद शिजल्याचें कसें ओळखावें, हें त्यांच्या हातांना ठाऊक आहे. घड्याळावरून किंवा आंकड्यांवरून तें पुरतें समजत नाहीं. हें ज्ञान कोठें लिहून ठेवलेलें नसल्यामुळें तें त्या हातांबरोबरच जाण्याचें भय आहे. येत्या एकादशीला घरांतील वडीलधाऱ्या बाईला तव्याजवळ खुर्ची द्यावी, गॅस मंद करावा, आणि रताळें केव्हां उलटावयाचें तें तिनेंच सांगावें.