दिव्याची पाटी आणि शाईची पाटी

दसरा-दिवाळी जवळ आली कीं सुशिक्षित घरांत हल्लीं एक प्रश्न हटकून निघतो: टॅब्लेट घ्यावा कीं ई-रीडर? दोन्ही वस्तु आकारानें शाळेंतील पाटीसारख्या, दोहोंवर पुस्तक वाचतां येतें. मग एक असतां दुसरी कशाला, असें घरांतील वडीलधारीं माणसें विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु समई आणि तांब्या दोन्ही पितळेचीं असलीं तरी त्यांचें काम एक नव्हे. या दोन पाट्यांचीही गोष्ट तशीच आहे.

मूळ भेद प्रकाशाचा. टॅब्लेटचा पडदा स्वतः उजळतो; त्यावरील अक्षर वाचतांना माणूस वस्तुतः दिव्याकडेच पाहत असतो. ई-रीडरचें अक्षर मात्र कागदावरील अक्षराप्रमाणें बाहेरून पडलेल्या उजेडांत दिसतें. त्याच्या पडद्यांत माणसाच्या केंसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या दाटीनें बसविलेल्या असतात. प्रत्येक कुपींत पारदर्शक द्रव असून त्यांत पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोहोंवरील विद्युद्भार परस्परविरुद्ध असल्यामुळें विजेचा हलका दाब देतांच एका जातीचे कण वर येतात व दुसरे तळाशीं जातात. काळ्या कणांचें अक्षर होतें आणि पांढऱ्यांचा कागद. पान एकदां उमटलें कीं तें टिकविण्यास वीज लागत नाहीं. ती लागते पान उलटतांना. म्हणूनच एकदां चार्ज केलेला ई-रीडर कित्येक आठवडे पुरतो, तर टॅब्लेट सततच्या वापरांत दहा तासांच्या सुमारास थकतो. अलीकडील ई-रीडरांना रात्रीसाठीं दिवा असतो. पण तो कडेनें पानावर उजेड टाकतो, पानामागून डोळ्यांत नव्हे.

या शाईचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील संशोधनांत झाला आणि १९९७ सालीं त्यांतून ई-इंक ही कंपनी निघाली. २००४ सालीं सोनीनें जपानांत लिब्रिए हें वाचनयंत्र विक्रीस आणलें. २००७ च्या नोव्हेंबरांत ॲमेझॉनचा किंडल आला, आणि २०१० च्या एप्रिलांत ॲपलचा आयपॅड. पहिल्या किंडलचें वजन तीनशें ग्रॅमहून किंचित् कमी, तर पहिल्या आयपॅडचें सुमारें ६८० ग्रॅम होतें. पुढें दोन्ही हलके झाले. तरी उताणें पडून तासभर कादंबरी वाचणाऱ्या आजोबांच्या मनगटाला हा फरक अजूनही कळतो. शिवाय दुपारच्या उन्हांत गच्चीवर टॅब्लेटचा पडदा फिका पडतो. ई-रीडरचें अक्षर तेथेंच अधिक ठसठशीत दिसतें.

टॅब्लेटनें डोळे बिघडतात, असें सरसकट म्हणणें मात्र योग्य नव्हे. पडद्याकडे टक लावून पाहतांना पापण्या कमी वेळां मिटतात व डोळे कोरडे पडतात, एवढें खरें. झोपेसंबंधीं एक प्रयोग बॉस्टन येथील संशोधकांनीं २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. बारा माणसांनीं निजण्यापूर्वीं चार-चार तास, कांहीं रात्रीं पूर्ण उजळलेल्या टॅब्लेटवर व कांहीं रात्रीं छापील पुस्तकांतून वाचन केलें. टॅब्लेटच्या रात्रीं झोप लागण्यास सरासरी दहा मिनिटें अधिक लागलीं. माणसें थोडीं आणि उजेड पुरेपूर, हें लक्षांत ठेवूनही रात्रीं पडदा मंद करण्याचा बोध त्यांतून घ्यावा.

मराठी वाचकाला आणखी एक विचार करावा लागतो. किंडलवर मराठी पुस्तकांची सोय २०१६ च्या डिसेंबरांत झाली. अशा मूळ संगणकीय पुस्तकांत अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें, ओळी आपोआप नव्यानें जुळतात, आणि इंचांत तीनशें बिंदु असलेल्या पडद्यावर रफार व जोडाक्षरें स्वच्छ उमटतात. परंतु जुनीं दुर्मिळ मराठी पुस्तकें इंटरनेटवर मिळतात तीं बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपानें. तेथें अक्षर मोठें करावें तर ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंची ई-रीडरवर असें पुस्तक वाचणें म्हणजे दाराच्या फटींतून मिरवणूक पाहणें होय. त्यासाठीं दहा इंची टॅब्लेटच बरा.

कामाच्या बाबतींत टॅब्लेटचा हात धरणारें दुसरें कोणी नाहीं. घरांतील सूनबाई शिक्षिका असल्यास प्रश्नपत्रिका तयार करणें, गुणांचे तक्ते भरणें, रंगीत नकाशा दाखविणें, दूरच्या सभेंत बोलणें, हें सर्व त्यावर होतें. ई-रीडर या बाबतींत मंद. पान बदलतांना त्यावर मागील पानाची पुसट छाया कधीं कधीं रेंगाळते, आणि रंगीत पडदे निघाले असले तरी त्यांचे रंग फिकेच. लेखणीनें टिपणें काढण्यासाठीं रिमार्केबलसारखीं मोठीं यंत्रें २०१७ पासून आलीं. परंतु त्यांची किंमत साध्या ई-रीडरच्या कित्येक पट आहे.

मात्र टॅब्लेटची ही सर्वगुणसंपन्नताच वाचनाच्या मुळावर येते. नातू धडा वाचावयास बसतो. दुसऱ्या पानावर निरोपाची घंटी वाजते, तिसऱ्यावर क्रिकेटचा धावफलक खुणावतो, आणि पुस्तक उघडेंच राहतें. ई-रीडरला फारसें कांहीं येत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण. ज्या घरांत मुलांची वाचनाची बैठक मोडत चालली आहे, तेथें या गुणाची किंमत पैशांत होत नाहीं.

एक सावधगिरी दोन्हीकडे सारखीच पाळावयास हवी. २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें, प्रकाशनाच्या हक्कासंबंधीं अडचण निघाल्यामुळें, जॉर्ज ऑरवेलचीं कांहीं पुस्तकें गिऱ्हाइकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकलीं. पैसे परत झाले, कंपनीच्या प्रमुखानें क्षमाही मागितली. पण विकत घेतलेलें पुस्तक कपाटांतल्या पुस्तकाइतकें आपलें नसतें, हें त्या दिवशीं जगाला कळलें. आजोबांचें कपाट नातवाला मिळतें. अशा पुस्तकांच्या बाबतींत ती खात्री नाहीं. म्हणून जें पुस्तक पुन्हां पुन्हां उघडावयाचें, तें छापील घ्यावें.

तेव्हां खरेदीपूर्वीं घरांतील माणसांनीं महिनाभर एक साधी नोंद ठेवावी: सलग वाचन किती झालें आणि काम किती. कामाचे तास अधिक निघाले तर टॅब्लेट घ्यावा, व वाचतांना त्याच्या घंट्या बंद ठेवण्याचा नियम घरांत करावा. सलग वाचन अधिक निघालें तर ई-रीडर घ्यावा. आणि नोंदींत वाचनाचा रकाना कोराच राहिला, तर पैसे तूर्त पेटींत ठेवून जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी. वाचनाची गोडी तेथें लागली, म्हणजे पाटी कोणती घ्यावी याचें उत्तर सोपें होईल.