जंगलाचं छप्पर

(मंडळाच्या दिवाळी निधी-संकलन कार्यक्रमातील भाषण)



आत्ताच माझी ओळख ‘आपले पर्यावरणतज्ज्ञ’ अशी करून दिली गेली. तसं काही नाही हो. मी साधा सॉफ्टवेअरवाला. जंगलाशी संबंध शनिवार-रविवारच्या भटकंतीपुरता. पण तीन वर्षांपूर्वी आपला निधी वृक्षारोपणाला द्यावा म्हणून पहिला हात मी वर केला होता. त्याचा हिशोब द्यायला आज उभा आहे.

सुरुवात मात्र जर्मनीतून करतो. मागे आई-बाबा इथे आले असताना आम्ही थुरिंगियातल्या हाइनिश राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. हा भाग अनेक दशकं लष्कराच्या ताब्यात होता. सामान्य माणसाला प्रवेश नाही, त्यामुळे बरंचसं जंगल आपोआप वाचलं. 1997 च्या शेवटी ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2011 मध्ये तिथल्या जुन्या बीच-वनाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. (बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, ‘बूखं’ नावाचं झाड!) तिथे 2005 पासून झाडांच्या माथ्यातून जाणारी एक पायवाट आहे, आणि 44 मीटर उंचीचा मनोरा. जर्मन लोक झाडाच्या माथ्याला ‘क्रोने’ म्हणतात, म्हणजे मुकुट.

एरवी आपण जंगल खालून बघतो. वरून बघितल्यावर कळतं की खरा कारभार वर चालतो. एकाच झाडाची वरची, उन्हातली पानं लहान आणि जाड; खालची, सावलीतली पानं मोठी आणि पातळ. थरावर थर लावून झाड ऊन वाटून घेतं. मे महिन्यात हे छप्पर एकदा मिटलं की जमिनीपर्यंत फार थोडा उजेड पोचतो. म्हणून रानलसूण आणि अ‍ॅनिमोनची पांढरी फुलं, वर पानं फुटण्याआधीच घाईघाईने आपला वसंत उरकून घेतात. वेळापत्रक वरचं, पाळायचं खालच्यांनी. आमच्या ऑफिससारखंच!

पावसाचंही तेच. काही पाणी पानांवरच अडतं आणि वाफ होऊन जातं. बाकीचं थेंबाथेंबाने गळतं, नाहीतर बीचच्या गुळगुळीत खोडावरून ओघळत थेट मुळाशी जातं. सरीचा मार जमिनीला बसत नाही. उन्हाळ्यात आत गारवा टिकतो. किडे, पाखरं, वटवाघळं यांची तर वर वेगळी वसाहतच असते. ती अभ्यासायला लाइपझिगच्या नदीकाठच्या जंगलात 2001 मध्ये चक्क बांधकामाची क्रेन उभारली गेली.

आणि या छपराला भोक पडलं की काय होतं? 2018 आणि 2019 च्या दुष्काळात हाइनिशमधल्याही अनेक बीचचे शेंडे वाळले. बीचची साल पातळ असते. शेजारचं झाड गेलं की उघड्या पडलेल्या खोडाला ऊन भाजतं. जर्मनमध्ये त्यालाही ‘झोनेनब्रांट’च म्हणतात, आपल्या कातडीला होतो तोच. म्हणजे ही झाडं एकमेकांच्या सावलीत उभी असतात. या देशात 1984 पासून दरवर्षी जंगलाची तब्येत तपासतात, ती झाडांचे माथे किती विरळ झाले ते बघून. अलीकडच्या तपासण्यांत पाच झाडांतलं जेमतेम एक धडधाकट निघालं आहे.

मनोऱ्यावर आईने विचारलं, “अरे, इथे शेकरू दिसेल का?” आमचं आजोळ आंबेगाव तालुक्यातलं. भीमाशंकरचं जंगल जवळ. शेकरू, आपला राज्यप्राणी, सगळा संसार झाडांच्या माथ्यावर करतो. फांद्यांच्या बेचक्यात घरटी बांधतो, एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फूट उडी घेतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याच्यासाठीच 1985 मध्ये तिथे अभयारण्य झालं. माथ्याला माथा भिडलेला असेल तोवर त्याचा रस्ता चालू. मधली चार झाडं तोडली, की पूल पडला.

आता हिशोब. आपण 500 रोपांचे पैसे दिले होते. गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो तेव्हा त्या टेकडीवर जाऊन मोजली. 61 जिवंत. मान खाली गेली माझी. पण दोष कुणा एकाचा नाही. आपण रोपांचे पैसे दिले, पाण्याचे दिले नाहीत. राखणदाराचे दिले नाहीत. पावसाळ्यात फोटो छान आले. नंतर ऊन, शेळ्या आणि वणवा.

त्याच टेकडीमागे गावाची देवराई आहे. हिरडा, जांभूळ, अंजनी. वर छप्पर असं की भर दुपारी आत गार वाटतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगाला दाखवलं. गावकऱ्यांनी मात्र ती कुऱ्हाड न लावता कधीपासूनच सांभाळली. आता तिच्या कडा कुरतडल्या जातायत. आत रोप लावायची गरजच नाही. बी पडतंय, रुजतंय. गरज आहे ती कडेला राखण आणि जाळपट्ट्यांची.

म्हणून माझी विनंती अशी. यंदाच्या निधीतला मोठा वाटा उभं छप्पर राखायला द्यावा: देवराईसाठी गावातल्याच दोघांचा वर्षभराचा पगार आणि उन्हाळ्याआधीच्या जाळपट्ट्या. उरलेल्या पैशांत थोडीच रोपं लावू, तीही देवराईच्या कडेला लागून, तिथलीच जात, आणि पुढच्या पाच वर्षांच्या पाण्यासकट. पुढच्या दिवाळीत मला ‘किती लावली?’ असं विचारू नका. ‘किती जगली?’ असं विचारा.

500 चा आकडा पुस्तिकेत छापायला बरा दिसतो, हे मला माहीत आहे. यंदा आकडा लहान असेल. पण शेकरूला आपला अहवाल वाचायचा नाहीये, त्याला पुढची फांदी हवी आहे.

दाराशी निधीची पेटी ठेवली आहे. बटाटेवडे त्याच्या पलीकडे आहेत, तेव्हा रस्ता पेटीवरूनच जातो!