सरफोजीराजांची इंग्रजी आणि दुःखाचे शब्द
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



तंजावूर येथे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या कबरीवर एक लहानशी इंग्रजी कविता कोरलेली आहे. तिचे कर्ते भोसले कुळातील मराठी राजे, दुसरे सरफोजी. भारतीय माणसाने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या इंग्रजी पद्यांत तिची गणना होते. कविता शोकाची आहे. परंतु कवीने स्वतःच्या मनःस्थितीला लावलेला दुःखवाचक शब्द तीत एकही नाही. ‘सॉरो’ हा शब्द एकदाच येतो, आणि तोही इतरांच्या दुःखाविषयी : कोणावर कसलेही दुःख ओढवो, हा पुरुष त्याचे सांत्वन करी, अशा अर्थी. स्वतःपुरते राजांनी एवढेच मागितले आहे की, आपण या पित्याला शोभेसे व्हावे.

शब्द ठाऊक नव्हते, असे म्हणावे तर ज्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जॉन्सनच्या इंग्रजी कोशाची १७८४ सालची प्रत आहे, त्यांच्याविषयी ते म्हणता येत नाही. मग या मौनाचा उलगडा कसा करावा? त्यासाठी त्यांचे बालपण पाहिले पाहिजे.

१७८७ साली तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी या मुलास दत्तक घेतले, तेव्हा त्याचे वय नऊ-दहा वर्षांचे होते. मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ यांनी करावा, अशी राजांची इच्छा होती. श्वार्ट्झ यांनी ती जबाबदारी न घेता राजांचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. तो सल्ला मुलाला फार महाग पडला. दत्तकविधान अशास्त्र ठरवून अमरसिंह गादीवर बसले. मुलगा नजरकैदेत राहिला, त्याचे शिक्षण थांबले. पुढे त्याचे गाऱ्हाणे कंपनी सरकारच्या कानी घातले ते श्वार्ट्झ यांनीच, इंग्रजी पत्रांतून. म्हणजे त्या मुलाचे भय आणि अपमान कागदावर उतरले ते दुसऱ्याच्या हातून, आणि त्या दुसऱ्याचीही ती मातृभाषा नव्हती. १७९३ मध्ये त्याला मद्रासला नेण्यात आले. तेथे गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. त्या वेळी सरफोजी वीस वर्षांचे होते, गादी मिळण्यास अजून चार महिने होते. मिशनऱ्यांच्या वृत्तांतात असे आहे की, ते गुरूच्या देहापाशी येऊन रडले आणि त्यावर त्यांनी जरीचे वस्त्र घातले.

जो माणूस लोकांदेखत रडला, त्याने दगडावर मात्र स्वतःच्या दुःखाचे नाव घातले नाही. याला इंग्रजीचे अपुरे ज्ञान म्हणण्यापेक्षा मराठी मनाची सवय म्हणणे अधिक योग्य ठरेल. आणि त्या सवयीचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत थोडेफार सापडते.

मराठी माणूस म्हणतो, ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटते’, ‘मला वाईट वाटले’. राग हा पाहुण्यासारखा येतो आणि जातो. माणूस आपल्या जागी राहतो. तंजावुरात सरफोजींच्या कानी पडणारी तमिळही तेच सांगते : ‘एनक्कु कोबम् वरुदु’, मला राग येतो. दरबारात मान असलेली तेलुगूही ‘नाकु कोपम् वस्तोंदि’ असेच म्हणते. एक भाषा आर्य कुळातली, दोन द्राविड कुळातल्या. तरी रचना एकच. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे मांडले आणि मसिका यांनी १९७६ च्या ग्रंथात या क्षेत्राच्या खुणा तपासल्या. ही ‘मला’वाली वाक्ये त्या खुणांपैकीच होत. इंग्रजीत मात्र ‘आय अ‍ॅम अँग्री’. तेथे माणूसच कर्ता, आणि राग त्याचे विशेषण.

हा भेद ताणू नये. मराठीतही ‘तो चिडला’, ‘ती घाबरली’ असे म्हणतातच. शिवाय ‘राग आला आणि हात उठला’ या वाक्यात हात कोणाचा, हे अलगद निसटून जाते. मराठीच्या सोयीचा हा तोटाही कबूल केला पाहिजे. परंतु वर्गातल्या मुलाने आपल्या मनाची स्थिती इंग्रजीत सांगायची वेळ आली की हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा ‘आय अ‍ॅम फेल’ म्हणतो. व्याकरणाची चूक म्हणून शिक्षक तिच्यावर लाल रेघ ओढतात. त्या चुकीत मुलाने एका दिवसाच्या निकालाला आपली ओळख करून टाकलेली असते, तिकडे लक्ष जात नाही.

उलट गंमत अशी की, मुले बोलताना इंग्रजी शब्द उचलतात आणि मराठी चौकटीतच बसवतात. ‘मला टेन्शन आलंय’, ‘मला बोअर होतंय’. ‘मी टेन्स आहे’ असे कोणी म्हणत नाही. शब्द साहेबाचा, पण तो येतो आणि जातो मराठी रागाप्रमाणेच. याला भाषेची भ्रष्टता म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही पक्की मराठी वाक्यरचना एकदा नीट पाहावी.

शब्दांच्या वाटण्याही दोन्ही भाषांत निराळ्या पडतात. रंगमंचावर जाण्यास बुजणाऱ्या मुलीला ‘लाज’ वाटते, धोतर सुटलेल्या गृहस्थाला ‘लाज’ वाटते आणि चोरी पकडली गेलेल्यालाही ‘लाज’ वाटते. इंग्रजीत यांना तीन शब्द लागतात : शाय, एम्बॅरस्ड, अशेम्ड. बुजऱ्या मुलीने ‘आय अ‍ॅम अशेम्ड’ म्हटले, तर ऐकणारा तिने काय अपराध केला ते विचारील. ‘काळजी’ तर त्याहून अवघड. जी काळजी वाटते आणि जी काळजी घेतली जाते, ती मराठीत एकच. इंग्रजीत पहिली वरी, दुसरी केअर. दुसऱ्या बाजूस ‘अपसेट’ हा एकच शब्द घेऊन इंग्रजी जेथे थांबते, तेथे मराठीजवळ हळहळ, चुटपुट, रुखरुख, हुरहुर, खंत असे बारीक विणीचे शब्द आहेत. आणि ‘रुसणे’? ‘सल्क’ या शब्दात दोषारोप आहे. रुसण्यात कोणीतरी समजूत काढील हा विश्वास आहे.

इंग्रजी शब्दांच्या पोटातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ हे सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे मूळ वेगळे. ‘सॉरी’ हा दुखऱ्या जागेला म्हणतात त्या ‘सोअर’चा आप्त. ‘अँगर’, ‘अँग्विश’ आणि ‘अँग्झायटी’ हे तिन्ही मात्र एका मुळाचे, आवळणे आणि कोंडणे या अर्थाच्या. वेदांतील संकटवाचक ‘अंहस्’ हाही त्याच घराण्यातला. राग, यातना आणि चिंता या तिन्हींत छाती आवळते, हे ज्याला शिकवले त्याला हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. ‘मेलँकली’ म्हणजे काळे पित्त. आणि संतापलेल्या माणसाचे पित्त खवळते, हे मराठी घरांत आजही म्हणतात.

सरफोजी इंग्रजी शिकले तेव्हा असा ताळा घालून पाहण्यास छापील मराठी-इंग्रजी कोश नव्हता. कॅरी यांचा मराठी कोश १८१० चा, मोल्सवर्थ यांचा १८३१ चा. पुढच्याच वर्षी राजे निवर्तले. तरी भाषा निवडताना ते गोंधळले नाहीत. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. गुरूविषयी लिहिले ते इंग्रजीत, जी गुरू आणि शिष्य दोघांनीही शिकून घेतली होती. शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून इंग्लंडात करवून आणलेल्या संगमरवरी शिल्पात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांचा हात राजांच्या हाती आहे, आणि शय्येपाशी शाळेतील मुले उभी आहेत.

इंग्रजीच्या तासाला पत्रलेखनात सांत्वनपत्र असते. बहुतेक मुले ‘डीपेस्ट कन्डोलन्सेस’ हे दोन शब्द पाठ करतात, वहीत उतरवतात आणि गुण मिळवतात. मित्राच्या आजोबांविषयी त्यांना ठाऊक असते ते मात्र पत्राबाहेर राहते : आजोबा कोणती गोष्ट सांगत, सायकल कोणाला शिकवीत, दारात कोणत्या खुर्चीवर बसत. तंजावूरच्या राजांनी पद्य रचताना नेमके तेच आधी लिहिले. गुरू कसे होते, अनाथांचे आणि विधवांचे त्यांनी काय केले, हे क्रमाने सांगितले आणि शेवटी कोणतीही पदवी न लावता, ‘तुझा’ म्हणून, आपले नाव घातले. सांत्वनपत्राच्या तासाला मुलांनी या क्रमाने प्रथम चार वाक्ये लिहावीत. ‘ग्रीफ’ हा शब्द फळ्यावर त्यानंतर लिहिता येईल. काही वह्यांत त्याची गरजही पडणार नाही.