टिपणांची शिस्त

एखाद्या विषयाची माहिती स्वतः जमवून निबंध लिहिण्याचें काम शाळेनें मुलाला दिलें, कीं बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. ग्रंथालयांतून चार पुस्तकें येतात. मूल वही उघडतें आणि पानेंच्या पानें उतरून काढतें. आठवड्यानें वही भरते. पण कोणतें वाक्य कोणत्या पुस्तकांतलें, कोणतें ग्रंथकाराचें आणि कोणतें मुलाचें, हें मुलालाहि सांगतां येत नाहीं. मग दुसऱ्याचे शब्द नकळत स्वतःच्या नांवावर जमा होतात. हा दोष बहुधा अप्रामाणिकपणाचा नसतो. टिपण कसें घ्यावें हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं संस्कृत भाषेच्या बृहत्कोशाचें काम सुरू झालें. सुमारें दीड हजार ग्रंथांतून शब्दांचे प्रयोग वेंचून ते सुट्या चिठ्ठ्यांवर उतरविण्यांत आले. ही वेंचणी १९७३ पर्यंत चालली आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरांत गेली. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्यें निघाला. मधल्या काळांत माणसें बदललीं, तरी काम अडलें नाहीं. कारण प्रयोग कोठून घेतला हें चिठ्ठीच सांगत होती.

शाळकरी मुलालाहि हीच रीत उपयोगी आहे. पोस्टकार्डाएवढे कागद कापावे व एका कागदावर एकच मुद्दा लिहावा. वर पोटविषय, खालीं ग्रंथ, ग्रंथकार व पृष्ठ यांची नोंद असावी. मूळचे शब्द घेतले तर ते अवतरणचिन्हांत घालावे. एरवीं पुस्तक मिटून आशय आपल्या भाषेंत लिहावा. पुस्तक मिटल्यावर जें समजलें असेल तेंच कागदावर उतरतें.

विषय सिंहगडाचा आहे असें समजावें. एका चिठ्ठीवर येतें, कीं १६७० मध्यें तानाजी मालुसरे यांनीं प्राण वेंचून गड घेतला व तेव्हांपासून कोंढाण्याला सिंहगड म्हणूं लागले. दुसरी चिठ्ठी सांगते, कीं शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील पत्रांतच सिंहगड हें नांव आलेलें आहे. वहींत हीं दोन वाक्यें वीस पानांच्या अंतरानें पडलीं असतीं आणि निबंधांत दोन्ही निमूटपणें शिरलीं असतीं. परंतु 'गडाचें नांव' या मथळ्याखालीं दोन्ही चिठ्ठ्या शेजारीं येतात, तेव्हां मूल थबकतें. आख्यायिका कोणती व अस्सल कागद कोणता, हा प्रश्न त्याला पडतो. आणि पृष्ठाची नोंद असल्यामुळें मूळ मजकूर पुन्हां तपासतां येतो.

चिठ्ठ्या चटईवर पसरून पोटविषयवार गठ्ठे लावले, कीं निबंधाचीं प्रकरणें दिसूं लागतात. ज्या गठ्ठ्यांत एकच चिठ्ठी, तेथें वाचन अपुरें आहे हेंहि कळतें. वडील मंडळींनीं निबंध लिहून देऊं नये, एखादी चिठ्ठी उचलून "हें कोठून घेतलेंस?" एवढें विचारावें. ज्या मुलाजवळ या प्रश्नाचें उत्तर आहे, त्याचा निबंध चार पानांचा असला तरी तो त्याचा स्वतःचा आहे.